बापुजींचा तीनरंगी कागद

मेनाबांची तक्रार अशी होती की त्यांच्या सुनेनं, अल्पानं, भर दुपारी, उघड्या डोक्यानं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सख्ख्या सासऱ्याला "गप बसा" म्हटलं. त्याआधी तिनं देवाच्या कपाटाची काच बत्त्यानं फोडली होती. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे सासऱ्याची हनुवटी धरून त्यांचं तोंड स्वतःकडे वळवलं होतं. जिनं बारा वर्षांत सासऱ्यांना आपली भुवईसुद्धा दिसू दिली नव्हती, तिनं!

उत्तर गुजरातेतल्या ऊंझ्याच्या त्या गल्लीत सासऱ्यासमोर घुंगट ओढणारं आता एवढं एकच घर उरलं होतं. शेजारच्या कमुबेनची सून तर गाऊन घालून ओट्यावर वाटाणे सोलायची आणि सासऱ्यालाच विचारायची, "पप्पा, जरा टोपली सरकवा ना." मेनाबा ते बघून डोळे मिटायच्या. मिटलेल्या डोळ्यांनाही ते दिसायचं, ही गोष्ट वेगळी.

म्हणून तिसऱ्या दिवशी ते सासरे, बबलदास, इस्पितळातून घरी आले, तेव्हा संध्याकाळी मेनाबांच्या ओट्यावर बायका जमल्या. कोणी निवडायला बडीशेप आणली, कोणी कडेवर नातवंड आणलं. निकाल ऐकायला आलोय, असं कोणीच म्हणालं नाही. पण निकालाआधी झालं काय ते नीट कळायला हवं, कारण गल्लीत या हकीकतीच्या तीन तऱ्हा फिरत होत्या आणि त्यांतल्या एकीत अल्पानं बत्ता काचेवर नव्हे, सासऱ्यावर चालवला होता.

सगळ्याचं मूळ एक कागद.

बबलदासांनी तीस वर्षं इसबगोलची गिरणी चालवली. इसबगोल जगाचं पोट साफ करतं आणि दळणाऱ्याची छाती भरतं. गिरणी मुलाच्या, महेंद्रच्या हाती देऊन झाली, तरी नवा माल आला की हे गृहस्थ बाजारात जाऊन मूठभर नाकाशी नेल्याशिवाय राहायचे नाहीत. मग रात्रभर छातीत शिट्ट्या. शेवटी माघात मेनाबा त्यांना मेहसाण्याच्या दम्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या.

तिथं खिडकीवरच गाडी अडली. कारकुनानं विचारलं, "रुग्णाचं नाव?"

बावन्न वर्षांत मेनाबांनी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. आता एका दाढीसुद्धा न केलेल्या कारकुनासाठी काढायचं?

"महेंद्रचे बापुजी," त्या म्हणाल्या.

"मावशी, नाव सांगा."

"सांगितलं ना. महेंद्रचे बापुजी."

मागे रांग होती. बबलदास बाकावर बसून धापा टाकत होते, त्यांना उठवणार कोण? कारकुनानं 'महेंद्र पटेल' लिहिलं आणि वय विचारल्यावर मेनाबांनी, मुलाचंच विचारतोय असं समजून, बेचाळीस सांगितलं. परिणामी डॉक्टरांच्या हिशेबात बबलदासांनी एका धडधाकट बेचाळीस वर्षांच्या माणसाइतकं फुंकायला हवं होतं. ते दुरुस्त करायला पुढं मेहसाण्याच्या तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत आधार कार्ड हवं होतं, दुसरीत त्याची प्रत, आणि तिसरीत तो कारकूनच रजेवर होता.

पण कागद मिळाला. डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड होता. तो म्हणाला, "बा, औषधं तुमच्याकडे आधीही होती. कधी काय करायचं, ते लिहिलेलं नव्हतं. आता लिहून देतो."

कागदावर तीन पट्टे. हिरव्यात लिहिलं होतं : श्वास ठीक आहे, सकाळ-संध्याकाळचा पंप चुकवू नका. पिवळ्यात : खोकला वाढला, शिट्टी वाजते, तर निळा पंप घ्या आणि डॉक्टरला कळवा. लालमध्ये : बोलता येत नाही, ओठ काळवंडले, तर सरळ बसवा, आडवं करू नका, निळा पंप त्याला जोडायच्या नळकांड्यातून एकामागून एक फवारे द्या आणि देता देता इस्पितळ गाठा. प्रत्येक पट्ट्यापुढं फुंकायच्या यंत्राचा आकडा. आणि सगळ्यात खाली एक चौकोन : औषध देणारी घरातली व्यक्ती.

"दुपारी घरी कोण असतं?" डॉक्टरनं विचारलं.

"मी."

"तुम्ही नसाल तेव्हा?"

"मी असतेच."

"सून असेल ना?"

"सून आहे. पण ती त्यांच्यासमोर येत नाही."

डॉक्टरचा चेहरा पडला. "भांडण आहे का?"

"भांडण असतं तर समोरासमोर असती ना दोघं," मेनाबा म्हणाल्या. "मर्यादा आहे. लिहा, मेनाबेन."

डॉक्टरनं लिहिलं. मेनाबांनी सही केली. शाळेच्या दोन यत्ता आणि ही सही, एवढंच त्यांच्या पदरात होतं. तिसरीत घरी म्हैस आली आणि शाळा सुटली. पण शिकलेल्यांना कागद स्वस्त वाटतो, तसा तो मेनाबांना कधी वाटला नाही. घरी आल्या आल्या त्यांनी कागदाच्या डोक्यावर कुंकवाचा टिळा लावला, चार तांदूळ चिकटवले आणि मगच तो उघडला. टिळा थोडा ओघळला आणि हिरव्या पट्ट्यात लाल डाग पडला. महेंद्र म्हणाला, "बा, आता हिरव्यातही धोका दिसतोय." मेनाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो जेवायच्या आधीच हात धुवायला गेला.

मग मेनाबांनी ठरवलं, की एवढा मोलाचा कागद एकच असून भागणार नाही. लेकीच्या घरी एक, गिरणीत एक, भाच्याकडे एक अशा दहा प्रती काढायला त्यांनी महेंद्रला पाठवलं. दहाही प्रती करड्या आल्या. हिरवा करडा, पिवळा करडा, लाल जरा जास्त करडा. दुकानदार म्हणाला, रंगीत हवं होतं तर तसं सांगायचं. त्या दहांवर महिनाभर गिरणीत बिलांचा हिशेब झाला.

फुंकायच्या यंत्राचंही तेच. गावातल्या दुकानदारानं तीन चेंडूंचं एक खेळणं दिलं. बबलदासांनी जीव काढून फुंकलं, चेंडू जागचे हलले नाहीत. चार दिवसांनी कळलं, की ते श्वास आत ओढायचं यंत्र होतं. खरं यंत्र मेहसाण्याहून आलं. मेनाबांनी त्याचं नाव फुंकणी ठेवलं आणि रोज सकाळी फुंकायचा सोहळा सुरू झाला.

सोहळाच तो. बबलदास पुढच्या खोलीत झोपाळ्यावर बसून फुंकायचे. यंत्रावर आकडे इंग्रजी, मेनाबांना येतात ते गुजराती. आकडा वाचणारी एकच, अल्पा, बी.कॉम. झालेली, आणि ती स्वयंपाकघरात दाराआड. म्हणून मेनाबा फुंकणी दोन्ही हातांत, तळीतल्या दिव्यासारखी धरून, उंबरा ओलांडून आत न्यायच्या आणि अल्पा वहीत आकडा लिहायची. पण वाटेत काटा सरकायचा. एके दिवशी चारशे वीस, दुसऱ्या दिवशी दीडशे. महिन्यानं वही बघून डॉक्टर म्हणाला, "दीडशेच्या दिवशी यांनी काय केलं?"

"बाजारात गेले होते," मेनाबा म्हणाल्या. "मोहरीचा भाव बघायला."

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "बा, जो वाचतो त्यानंच समोर बसून वाचायला हवं."

मेनाबांनी ते ऐकलं आणि जिथल्या तिथं सोडून दिलं.

गल्लीनंही मदतीत कसर ठेवली नाही. कमुबेन म्हणाली, "पंपाची सवय लागते गं मेना, मग सुटत नाही. उंटिणीचं दूध पाज." मेनाबा म्हणाल्या, "श्वासाची सवय तर जन्मापासून लागलीय, ती कुठं सुटतेय?" पण रात्रभर विचार करून सकाळी महेंद्रला उंटीण बघायला पाठवलंच. मग गल्लीतली पोरं फुंकणी फुंकायला येऊ लागली, त्यांच्या आया येऊ लागल्या. कमुबेननं तीनशे फुंकले, मेनाबांनी तीनशे दहा, आणि दोन दिवस त्यांचा आवाज जरा वरच्या पट्टीतच होता. तिसऱ्या दिवशी एका पोरानं निळा पंप हवेत उडवून बघितला आणि निम्मा संपवला. त्यात भर म्हणून बबलदास बाजारात जायच्या आधी दोन-दोन फवारे जास्तीचे मारून घेतात, हेही उघडकीला आलं.

झालं. मेनाबांनी कागद, निळा पंप, नळकांडं आणि फुंकणी उचलली, देवाच्या काचेच्या कपाटात उमिया मातेच्या तसबिरीशेजारी ठेवली आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. सुरक्षित. याहून सुरक्षित जागा अख्ख्या ऊंझ्यात नव्हती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती, डॉक्टरला मात्र नव्हती. घुंगटाच्या घरात पुरुषमाणूस उंबऱ्यावर आला की खाकरतो. म्हणजे आतल्या सुनेनं समजायचं, सासरे आले. पदर नाकापर्यंत ओढायचा आणि आत सरकायचं. बबलदासांनी हा रिवाज एकदाही चुकवला नव्हता. पण दमा वाढला तसा खोकला वाढला. दिवसातून चाळीस वेळा खोकला. चाळीस वेळा अल्पा पदर ओढायची, हातातलं लाटणं टाकून आत पळायची. रोज दोन-तीन पोळ्या करपायच्या. मेनाबा म्हशीला त्या घालायच्या आणि मनातून सुखावायच्या. गल्लीत कुणाची सून आहे अशी? खोकल्यावर उठते!

चैत्र लागला. बाजारात इसबगोलचे ढीग पडले. त्या दुपारी भाचीच्या मुलीच्या लग्नाची गाणी होती, दोन गल्ल्या पलीकडं. मेनाबांचा गळा अजून खणखणीत, त्यांच्यावाचून गाणी उभी राहायची नाहीत. "तासाभरात येते," असं अल्पाला सांगून त्या गेल्या. किल्ली अर्थातच कमरेला.

पुढचं त्यांना नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. थोडं कमुबेनकडून, थोडं अल्पाकडून, आणि एक तुकडा खुद्द बबलदासांकडून.

दोनच्या सुमाराला बबलदास बाजारातून आले आणि उंबऱ्यावर खोकले. अल्पानं पदर ओढला, आत गेली. ते झोपाळ्यावर बसून पुन्हा खोकले. ती दाराआड उभी राहिली. पाणी हवं असलं की ते पेल्यावर टिचकी मारायचे, तेवढीच दोघांची बोली. टिचकी वाजली नाही. तिसऱ्यांदा खोकले, चौथ्यांदा खोकले. मग खोकला थांबला.

बरं वाटलं असेल, असं तिच्या मनात आलं. मग झोपाळ्याच्या कड्यांचं करकरणंही थांबलं.

फटीतून तिनं बघितलं. गुडघ्यांवर हात रोवून ते पुढं झुकले होते. खांदे वर-खाली होत होते. एक बोट पेल्याकडे जात होतं आणि पोचत नव्हतं.

'बोलता येत नाही', कागदावर लिहिलं होतं. मेनाबांना पाठ व्हावा म्हणून तिनंच तो कागद पंधरा वेळा मोठ्यानं वाचला होता. पण बारा वर्षांत ते तिच्याशी बोललेच नव्हते; आज बोलता येत नाही, हे तिला कळायचं कसं? अल्पा म्हणते, ती तिथं फटीशी उभी राहून नुसती विचार करत राहिली. मग तिला ओठ दिसले. जांभळासारखे.

कपाटाला कुलूप. तिनं खलातला बत्ता उचलला. काच फुटली, तसबीर आडवी झाली, पदर कपाटाच्या कडीत अडकला. तो तिनं हिसडून कमरेला खोचला आणि निळा पंप नि नळकांडं घेऊन बाहेर आली.

आणि बबलदासांनी काय करावं? छातीत वाऱ्याची झुळूक जायला जागा नव्हती, तरी सुनेचं उघडं तोंड दिसू नये म्हणून त्या माणसानं मान भिंतीकडे फिरवली.

म्हणून तिनं हनुवटी धरली. म्हणून तोंड वळवलं. ते हातानं खुणा करून काहीतरी बोलू पाहत होते. बहुधा "बा कुठंय" असं. तेव्हा ती ओरडली, "गप बसा, बापुजी! बोलू नका! श्वास घ्या. एक. आणखी. दोन. सरळ बसा, आडवं व्हायचं नाही!"

आवाज ऐकून कमुबेन दारात आली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. अल्पानं मान न वळवता तिलाही सोडलं नाही. "काकी, बघताय काय? कोपऱ्यावरच्या रमणभाईंना जीप काढायला सांगा. पळा!"

कमुबेन साठीची. ती पळाली.

मेनाबा आल्या तेव्हा जीप निघतच होती. मागच्या बाकावर सून, उघडं डोकं, केस सुटलेले, एक हात सासऱ्याच्या पाठीशी आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या तोंडाशी नळकांडं धरलेलं. मेनाबा शेजारी चढल्या. जीप हलली तसा त्यांचा हात सवयीनं अल्पाच्या पदराकडे गेला. निदान मेहसाण्याच्या रस्त्यावर तरी डोकं झाकलेलं असावं.

"बा, हात नको मध्ये," अल्पा म्हणाली. "फवाऱ्यांचा आकडा चुकेल."

मेनाबांनी हात मांडीवर परत घेतला. आयुष्यात त्यांच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. कमरेची किल्ली त्यांना टोचत होती, आणि सगळा रस्ताभर टोचत राहिली.

इस्पितळात तीच खिडकी, तोच कारकून. "रुग्णाचं नाव?"

आतल्या दारातून बबलदासांना गाडीवर घालून नेत होते. त्यांचा एक जोडा खाली पडला होता.

"बबलदास," मेनाबा म्हणाल्या. मग आवाज चढवून, जसा गाण्यात चढवायच्या तसा, "बबलदास जोइताराम पटेल! वय बहात्तर! लिही लवकर!"

कारकुनानं लिहिलं. मेनाबांनी जोडा उचलला आणि पदराखाली धरून बाकावर बसून राहिल्या. तासाभरानं डॉक्टर बाहेर आला. म्हणाला, "आता धोका नाही. पण आणखी दहा मिनिटं गेली असती..." मग त्यानं विचारलं, "पंप कोणी दिला? कागदावर तुमचं नाव आहे."

"नाव माझं आहे," मेनाबा म्हणाल्या. "हात माझा नव्हता."

तर असा तो तिसरा दिवस, तो ओटा आणि त्या बायका. बबलदास आत झोपाळ्यावर होते. अल्पा दाराशी उभी होती. पदर पुन्हा नाकापर्यंत आला होता, आणि काचेनं कापलेल्या बोटाला चिंधी बांधलेली.

कमुबेननं सुरुवात केली. "बाकी काही म्हण मेना, जीव वाचला ते खरं. पण घराची मर्यादा म्हणून काही..."

"मर्यादेचं मला सांगू नकोस," मेनाबा म्हणाल्या. "बावन्न वर्षं पाळली. परवा मेहसाण्याच्या खिडकीवर मीच मोडली. नाव घेतलं त्यांचं. दोनदा."

बडीशेप निवडणारे हात थांबले. आतून झोपाळ्याची एक कडी करकरली आणि बबलदास खोकले.

अल्पानं सवयीनं पदर आणखी खाली ओढला आणि आत सरकायला पाऊल उचललं.

"थांब!" मेनाबा ओरडल्या. इतक्या जोरात, की कडेवरचं एक नातवंड रडायला लागलं. त्या उठल्या, अल्पापाशी गेल्या आणि दोन बोटांनी तिचा पदर डोक्यावरून मागं सारला. बारा वर्षांत गल्लीनंही तो चेहरा उन्हात नीट बघितला नव्हता.

"वहू, नीट ऐक," त्या म्हणाल्या. "काच फुटली ती माझ्या कुलपानं, तो गुन्हा माझा. ओरडलीस ते कागदात लिहिलेलंच होतं. हनुवटी धरलीस, कारण माझा नवरा मरतानाही अदब सोडणारा नाही, तो गुन्हा त्यांचा. तुझा गुन्हा एकच आहे आणि त्याला माफी नाही. चार वेळा ते खोकले आणि चारही वेळा तू माझं ऐकलंस. कागदावरचं माझं नाव खोड आणि तुझं लिही. आणि उद्यापासून या घरात बापुजी खोकले आणि तू पदर ओढून आत पळालीस, तर याद राख, तुला मी माहेरी पाठवीन. आता आत जा. त्यांच्या समोर बस, आणि आकडा वाच."